मागच्या डाव्याला ताप

आई,

तुम्ही झोपलात म्हणून उठवत नाही. कालचा पंक्चर टायर घेऊन, आपल्या कॅम्पर व्हॅननेच टायरवाल्याकडे जातोय.

टायरचं प्रेशर आणि तापमान दाखवणारा मॉनिटर काल प्रवासात मी तुमच्या हातात दिला तो तुम्ही माझ्या ड्रायव्हिंगवर बोलू नये म्हणून. त्याची बीपबीप मी आधीच बंद केली होती, गाण्यांत व्यत्यय नको म्हणून. पण वॉर्डात उभा जन्म काढलेली नर्स आकडे बघून गप्प थोडीच बसणार!

"जावईबापू, मागच्या डाव्याला ताप चढतोय आणि प्रेशर उतरतंय. गाडी बाजूला घ्या."

मी हसलो.

"हसा नंतर."

उतरून बघतो तर टायरला हात लाववत नव्हता, आत हा एवढा खिळा. उतारावर फुटला असता तर? मागे तुमची लेक आणि नात गाढ झोपल्या होत्या. काल स्टेपनी लावायच्या गडबडीत आभार मानायचे राहिले. आता मानतो.

घरी आल्यावर तुम्ही लेकीला म्हणालात, "उद्या जाते गं माझ्या घरी, तुमच्यात अडचण नको." मी ऐकलं. तुमची बॅग अजून गाडीतच आहे. ती मुद्दाम उतरवलेली नाही; बॅगेशिवाय कुठे जाल? गोळ्या आणि चष्मा तेवढा टेबलावर ठेवलाय.

यापुढेही बीपबीप बंदच ठेवू. तुम्ही आहात ना.

— जावईबापू