पाद्रीसाहेबांच्या ओट्यावरचा कडू घास

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६. दिवेलागण.

आज काय झालं तेच नीट उमगत नाही. पाद्रीसाहेबांना मी मराठी शिकवतो, तेवढाच माझा संबंध. त्यांचं पश्चात्तापाचं गाणं मराठीत उतरवून दिलं, तेही पगाराचं काम म्हणून. आज ते म्हणताना साहेब आणि मडम हुंदके देऊन रडायला लागले. आणि मी? मीही उपरण्याने डोळे पुसत होतो. का?

ते रडणं ऐकून थोड्या वेळाने साहेबांच्या शेजारची सरूबाई दारात उभी. कापूस वेचून आलेली, केसांत अजून कापूस अडकलेला, हातात पिठलं-भाकर. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी नेतात, तो कडू घास.

"मुन्शीजी, कोन गेलं?"

"कोणी नाही. आपल्या पापांसाठी रडतात ते."

"मंग तुमी काहून रडून राहिले?"

 तिने भाकर माझ्याच हातावर ठेवली. "खाऊन घ्या. कोनी तं गेलंच असन."

भाकर गरम होती. तिथेच, साहेबांच्या ओट्यावर बसून मी ती खाल्ली. कडू घासाला नाही म्हणू नये, असं मनाला सांगितलं. पण तेवढ्यासाठीच खाल्ली का?

घरी येऊन आधी विहिरीवर गेलो, डोक्यावरून पाणी घेतलं. आता ही विचारते, "अवो, अवेळी आंघोळ काहून केली तुमी?"

पाद्र्याकडे जेवलो म्हणून, की मयतावरून आलो म्हणून?