वडे कुठे गेले?

प्रिय इहीनबाई,

पत्र पाहून हसू नका. अक्षर ना तुम्ही गिरवलं, ना मी. मी सांगून राहिले आणि आपली नात कस्तुरी लिहून राहिली. काल तिचं पहिलं गाणं मोबाइलवर आलं. तुम्हाला कळवायलाच हवं, कारण त्यात तुम्ही मला अख्ख्या नागपुरासमोर चिडवून राहिल्या!

आठवतं ना, तुमच्या मुलीचं आणि माझ्या मुलाचं लग्न? खाप्याला तुमच्या मांडवात पंगत बसली आणि तुम्ही पदर खोचून सुरू झाल्या:

पंगतीत वडाभात, वडे कुठे गेले?
नागपूरच्या इहिनीनं एकटीनं खाल्ले!

पंगत उठायच्या आत उलट गाणं म्हणायचं, ही आपली रीत. पण माझ्या तोंडात वडाच होता! उत्तर राहिलं ते राहिलंच. आणि ते ऐकायच्या आत तुम्ही देवाघरी निघूनही गेल्या. एवढी कसली घाई होती?

तर हे गाणं. कस्तुरी गाते आणि मध्येच एक पाहुणा येऊन भराभर बोलतो. त्याला रॅप म्हणतात. पाहुणा कोराडीचा, वीजघराच्या राखेवरून नाव घेतलंय ‘राखड’. मी विचारलं, आईनं पाळण्यात हेच ठेवलं का गा? लाजला. फार गुणी पोरगा, आणि तीच अडचण. रेकॉर्डिंगला त्यानं गाण्यात कस्तुरीला चांदणी म्हटलं, परी म्हटलं. सगळे वा वा करून राहिले, हिचा चेहरा मात्र पडला. घरी येऊन म्हणाली, “आजी, गाण्यात जीवच नाही. नाही काढत मी. बँकेच्या परीक्षेला बसते.”

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीही तिच्यासोबत तिथे गेले. खोलीच्या भिंतींना गाद्या, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद! गाणं ऐकलं. राखडला म्हटलं, आमच्याकडे लग्नात समोरच्या बाजूला कोणी परी म्हणत नसे बाबा. मग तुमचं गाणं म्हणून दाखवलं, तुमच्यासारखेच हात नाचवून.

पोरगा पोट धरून हसला. माइकसमोर गेला आणि ‘त्याच इहिनीची नात ना तू?’ म्हणत सगळं कस्तुरीवर टाकलं. ती लाल झाली. तिथल्या तिथे असं उलटून गायली, की राखड पुढचं विसरला. तेच ठेवलंय. गाणं उठून बसलं, इहीनबाई!

राखडनं हळूच विचारलं, “आजी, ही वड्यांची ओळ ठेवू का? लोक तुम्हाला हसतील.”

“ठेव गा,” मी म्हटलं. “मले हसतील, पण तिले ऐकतील.”

आणि हसूनच राहिले. कोपऱ्यावरचा तर्री-पोहेवाला सकाळीच विचारतो, आजी, वडे कुठे गेले?

गाण्याखाली नावं असतात म्हणे. कस्तुरीनं माझं बोट धरून एका नावावर ठेवलं. तुमच्या. मी विचारलं, माझं काहून नाही वं? तर म्हणते, तू उत्तर कुठे दिलंस?

बँकेची पुस्तकं अजून टेबलावरच आहेत. पण त्यांच्यावर ताल धरून दुसऱ्या गाण्याची चाल बसवणं चाललंय.

आता ऐका. हिच्या लग्नाच्या पंगतीत तुमच्या बाजूनं मीच गाईन आणि माझ्याही. उत्तर तयार आहे. इथे सांगत नाही, ही लिहिणारी चोरेल. त्या दिवशी वडाभात वाढला तरी शब्द देते, आधी गाईन, मग खाईन.

तुमची, अजून न हरलेली,
नागपूरची इहीन