प्रॉम्प्टर घरी नाही

॥ श्री ॥

एकोडी,
दि. २५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. उषास, दादाचे अनेक आशीर्वाद. तुमसरला सारे खुशाल असतील अशी आशा आहे.

परवा सोमवारी सकाळी आंघोळ करून तळ्याच्या पाळीवरच्या मारुतीला पाणी घातलं, आणि परत येता येता मी सगळी गल्ली गप्प केली. गाईच्या गळ्यातली घंटी सोडून खुंटीला टांगली. तुझ्या वहिनीच्या कुकरची शिट्टी काढून बंडीच्या खिशात टाकली. शेजारच्या भैय्यालालला हात जोडून विनवलं की बारा वाजेपर्यंत पिठाची चक्की सुरू करू नको. तो म्हणे, काहून गा, कोणी वारलं का. मी सांगितलं की वारलं कोणी नाही, टीनाचा फोनवर इंटरव्ह्यू आहे. त्यावर तो म्हणे, मग तर दोन मिनिटं उभंच राहा लागते बाप्पा.

हे तुला फोनवरच सांगितलं असतं. पण मी फोनवर बोलू लागलो की टीना आतून ऐकते, आणि बोलायचं तिच्याबद्दलच आहे. म्हणून आपलं जुनं पोस्ट बरं.

तुला ठाऊक आहे, पोरगी बी. कॉम. झाली, पण नोकरीवाले पहिली परीक्षा फोनवर घेतात आणि तिथंच ती अडते. पहिल्या वेळी नाव सांगितलं आणि पुढं वाचाच गेली. दुसऱ्या वेळी सगळ्यालाच हो सर म्हणत राहिली. तुम्हाला या नोकरीची गरज वाटत नाही का, यालाही हो सर. हा तिसरा फोन नागपूरच्या एका औषधांच्या गोदामाचा होता. काम असं, की गावोगावच्या मेडिकलवाल्यांची मागणी दिवसभर फोनवर घ्यायची. टीनानं आईला सांगून ठेवलं होतं की इथंही नाही जमलं तर मी अर्ज करणं सोडते, भैय्याकाकाच्या चक्कीवर बसते. ती हसत बोलली, पण तुझ्या वहिनीला, शकुनला, ते हसणं आवडलं नाही, मलाही नाही.

मी तिला जमेल ते सगळं करायला लावलं. घोटभर पाणी, अकरा वेळा मारुतीचं नाव, बसून नाही तर उभं राहून बोलणं. तरी हात थंडगार. मग माझ्या मनात आलं, की फोनवर समोरचा माणूस दिसत नाही म्हणून भीती वाटते खरी, पण त्यालाही तर आपण दिसत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मी इतकी वर्षं प्रॉम्प्टर. विंगेत बसून राजापासून हवालदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडात शब्द घातले. मग पोटच्या पोरीला का नाही?

फोनचा स्पीकर लावून मी तिच्यासमोर बसलो. तिची नजर माझ्या ओठांवर. पहिली दोन उत्तरं अशी गेली की मलाच टाळी वाजवावीशी वाटली. तिसऱ्याला गोदामाच्या मॅडमनं विचारलं की एखादा दुकानदार रागानं बोलू लागला तर काय कराल. याचं उत्तर मी आधी लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या तोंडून हळूच निघालं, मारुतीराया सांभाळ. टीना खणखणीत आवाजात बोलली, मारुतीराया सांभाळ. मी हातानं खूण केली आणि कुजबुजलो की घाबरू नको, श्वास घे. तेही तिनं मॅडमला सांगितलं. उच्चार मात्र स्वच्छ होते.

मग मॅडम म्हणाल्या, कळवू.

तेव्हापासून पोरगी माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. काय करू ते लिही. जुना तांदूळ शिजताना जास्त फुलतो, तसा तुझा लोभ वाढता राहो.

तुझा,
यादोरावदादा

॥ श्री ॥

तुमसर,
दि. ३ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप दादास, उषाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आमच्या पोत्यांच्या दुकानात वाचलं आणि इतकी हसले की गिऱ्हाईक बारदाना न घेताच परत निघालं होतं. यांनी त्याला थांबवलं.

आता रागावू नको. टीनाला बोलता येत नाही, हे तू कशावरून ठरवलंस? राखीला ती चार दिवस इथं होती. एका राईस मिलचा मॅनेजर फोनवर ओरडत होता की पोते फाटके पाठवले, तुमचं दुकानच जाळून टाकतो. हे उठून मागच्या खोलीत गेले. हे तसे शूर आहेत, पण मागच्या खोलीत. फोन टीनानं घेतला. आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं की काका, फाटके किती निघाले, आणि शेवटी त्यानं आणखी पोत्यांची मागणी दिली. ना पाणी प्यायली, ना नामस्मरण केलं. दादा, त्या दिवशी एकच गोष्ट वेगळी होती. तू इथं नव्हतास.

तुझ्या लक्षात येत नसेल, पण मी घरी फोन केला की मला सगळं दोनदा ऐकू येतं. आधी मागून तुझा आवाज येतो की आत्याला विचार गुडघा कसा आहे, आणि मग टीना विचारते, आत्या, गुडघा कसा आहे. गुडघा एक आणि चौकशा दोन.

भैय्यालालचं उदाहरण घे. नाटकात दरवर्षी जमीनदार होतो, आणि दरवर्षी त्याची मिशी तेवढी स्वतःची असते, वाक्यं तुझी. विंगेत तू आहेस म्हटल्यावर तो कशाला पाठ करेल? साऱ्या गावाला हे माहीत आहे. तुला वाटतं तुझ्यामुळं नाटक उभं राहतं. मला वाटतं तुझ्यामुळं त्याला पाठांतर येत नाही. दोन्ही खरं असेल.

पुढचा फोन येईल तेव्हा तू सरळ पाळीवर जाऊन बस. नाही तर पोरीला माझ्याकडे पाठव. वहिनीला सांग, कुकरची शिट्टी आधी मागून घे.

बहिणीचं बोलणं तिखट लागलं तर वर गूळ खा, पण माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
उषा

॥ श्री ॥

एकोडी,
दि. १० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. उषास, आशीर्वाद.

मारुतीनं ऐकलं. त्याच मॅडमचा पुन्हा फोन आला. त्या म्हणाल्या म्हणे, की दिवसभर त्या पाठ केलेली उत्तरं ऐकतात, पण श्वास घे असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. घरी सांगून सांगून हसल्या. येत्या बुधवारी, १६ तारखेला, अकरा वाजता पुन्हा बोलायचं आहे, आणि हे शेवटचंच. म्हणजे पाहा, त्यांच्या मनात राहिलं ते वाक्य माझंच होतं. हे मी फक्त नोंद म्हणून लिहितो, गर्व म्हणून नाही.

तुझं म्हणणं मला सगळं पटलं. दोन दिवस मी त्याच्यावर विचार केला. माझा आवाज आडवा येतो, हे खरं. म्हणून आता मी तोंडातून शब्द काढणार नाही. मी पाटी आणली आहे. टीनाची शाळेची पाटी माळ्यावर होती, तीच धुऊन घेतली. मॅडमनं विचारलं की मी लिहीन आणि ती वाचेल. काल सराव केला. शकुन मधेच म्हणाली की रागावलेला दुकानदार तुम्ही पाटी पुसून होईपर्यंत थांबेल का. तिला नाटकातलं काही कळत नाही.

मारुतीलाही सांगून आलो. तारीख, वेळ, गोदामाचं नाव, सगळं सविस्तर सांगितलं, म्हणजे त्याच्या ध्यानात राहील.

एक अडचण आहे. टीना म्हणते की एकोडीत नेटवर्क जातं, म्हणून ती मंगळवारीच तुझ्याकडे येणार. कालपर्यंत इथलं नेटवर्क जात नव्हतं. असो, मी अडवत नाही. पाटी तिच्याजवळ देतो. कोणत्या प्रश्नाला काय लिहायचं ते मी मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं आहे. टीना तुला दिसेल अशी उभी राहू दे, आणि पाटी छातीच्या उंचीवर धर. हात हलवू नको.

तुझा लोभ पाटीवरच्या अक्षरासारखा नसावा, दगडावरच्या अक्षरासारखा असावा.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

तुमसर,
दि. १९ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस, टीनाचा सा. न. वि. वि.

नोकरी लागल्याचं आईला फोनवर सांगितलंच आहे. तुम्हीही तिथंच होता, कारण आईच्या आधी तुमचंच वाक्य ऐकू आलं की तिला विचार, पक्कं आहे का. पक्कं आहे बाबा. दिवाळी झाली की ४ तारखेपासून नागपुरात रुजू व्हायचं. पण जे फोनवर बोलता येत नाही ते लिहिते. लिहिताना मागून कोणी बोलत नाही.

पाटी मी पिशवीतून काढली नाही. आत्यानं काढली. आता ती दुकानात टांगली आहे आणि त्यावर बारदान्याचे भाव आहेत. तुमची बारीक अक्षरं मागच्या बाजूला तशीच आहेत. आत्या म्हणते की ती पुसवत नाहीत.

अकरा वाजायच्या आधी माझे हात नेहमीसारखे थंड पडले. मी आत्याला म्हटलं की मले नाही जमत, तूच सांग मी तापानं फणफणली म्हणून. आत्या म्हणे, काऊन सांगू वो, मले खोटं बोलता येत नाही, अन् तुले खरं. मग ती पोती मोजायला बाहेर निघून गेली. खोलीत मी एकटी. तेवढ्यात आत्याचा फोन वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजला. कोणाचा होता ते तुम्हाला माहीत आहे. आत्या धावत आली आणि तिनं तो तांदळाच्या कोठीत खोल खुपसला. तिथंही तो गुणगुणत होता. मला हसू आलं, आणि हसतानाच मॅडमचा फोन आला.

मॅडमनं आधी विचारलं की आज शेजारी कोणी नाही का. मी सांगितलं, नाही, बाबा एकोडीला आहेत. त्या म्हणाल्या, मग आज तुमचा श्वास तुम्हीच घ्या. मी घेतला. मग त्यांनी तोच रागावलेला दुकानदार विचारला. मी सांगितलं की मी आधी त्याला मोकळं होऊ देईन, कारण रागात माणूस उत्तर ऐकत नसतो, आणि त्याचं झालं की किती माल खराब निघाला ते विचारीन. मधे एकदा अडकले. कोणी काही सुचवलं नाही. मी म्हटलं, थोडा विचार करते. त्या थांबल्या. बाबा, त्या थांबल्या! मला वाटत होतं की शब्द पडला की छतच पडतं.

तुम्हाला वाईट वाटेल, तरी लिहिते. मला मॅडमची भीती कधीच नव्हती. मी चुकले की तुमचा चेहरा असा होतो, जसं कोणी तुमच्या हातातून देवाची मूर्ती पाडली. मी त्या चेहऱ्याला घाबरते.

मंडईला मला सुट्टी मिळणार नाही. एक मागणं आहे. या वर्षी तुम्ही विंगेत बसू नका. आईजवळ समोर बसून नाटक पाहा. तुम्ही अजून एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही, असं आई म्हणते.

तुमची माया मला हवीच आहे, फक्त एकदाच ऐकू यावी, दोनदा नको.

तुमची,
टीना

॥ श्री ॥

एकोडी,
दि. ८ नोव्हेंबर २०२४

चि. टीनास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मारुतीपुढं बसून वाचलं आणि बरेच दिवस उत्तर लिहिलं नाही. वाईट वाटलं. मग वाटलं की मारुतीलाही मी तारीख आणि वेळ सांगितली होती. त्याला काय त्याचं काम ठाऊक नव्हतं? आता रोज जातो, पाणी घालतो आणि गप्प बसतो. पहिल्या दिवशी फार जड गेलं. त्यालाही गेलं असेल.

काल आपली मंडई झाली. तुझ्या मागणीप्रमाणं मी माझी टॉर्च आणि नाटकाची वही भैय्यालालच्या पोरीला, रक्षाला, देऊन टाकली आणि तुझ्या आईजवळ समोर बसलो. लोक मान वळवून वळवून मलाच पाहत होते. कोणी विचारलं, काय गा यादोराव, तब्येत बरी नाही का. आईनं मुठीत फुटाणे दिले आणि सांगितलं की तोंड भरून ठेवा.

नाटक समोरून फार वेगळं दिसतं. विंगेतून मला आजवर फक्त नटांचे कान दिसत होते.

दुसऱ्या अंकात भैय्यालाल जमीनदार दारात उभा राहतो, मुलगी घर सोडून निघालेली असते आणि तो तिला अडवतो. कुळाच्या अब्रूचं लांबलचक भाषण आहे. भैय्यालालनं हात वर केला आणि थांबला. रक्षाची दोन पानं चिकटून एकदम उलटली होती, तिला सापडेना. भैय्यालालनं सवयीनं विंगेत पाहिलं. मग लोकांत पाहिलं. मी दिसलो. त्याची नजर माझ्या ओठांवर. नेमकी तुझ्यासारखी.

ती ओळ मला पाठ होती, टीना. झोपेतून उठवलं तरी येईल. ती जिभेवर आली होती. मी सगळे फुटाणे तोंडात टाकले.

भैय्यालालनं छाती भरून श्वास घेतला. हात खाली केला. आणि पोरीला म्हणाला, जा बाप्पा, जायचं हाय तर जा, पण जेवून जा. मंडपात एवढ्या शिट्ट्या वाजल्या की पुढचं काही ऐकू आलं नाही. आता मुलगी जायला नको होती, पुढचं सगळं नाटक ती घरात अडकून राहण्यावर उभं होतं. ती बिचारी जेवायला आत गेली आणि तिसऱ्या अंकात काहीच कारण न सांगता परत आली. नाटक बिघडलं. पण एकही माणूस उठून गेला नाही, आणि तुझ्या आईनं पदरानं डोळे पुसले.

तू गेल्यापासून रात्री आठला तुला फोन करायची सवय आहे, ती सोडतो. तुला वाटेल तेव्हा तू कर. मी उचलीन आणि ऐकीन.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. इतकी वर्षं मी ते कुठं ना कुठं लिहिलंच. या वेळी लिहीत नाही. तेही सुचवणंच झालं.

बाबा