आमटीच्या दिवशी जन्मलेली

जुन्नर

प्रिय साधना,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहीत आहे. हे पत्र मंचरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो, म्हणजे अवसरीला तुझ्या हातातच पडेल.

येत्या आठवड्यात आणे गावची, आईच्या माहेरची, यात्रा आहे, म्हणजेच तिचा वाढदिवस. कागदोपत्री तो एक जूनला असतो. आधार काढताना तारीख सांगता आली नाही आणि तिथल्या मुलाने त्या पिढीतल्या सर्वांना देतात तीच तारीख तिलाही दिली. मला चुकीची नोंद सहन होत नाही, हे तू जाणतेस. जुनी पंचांगे चाळून मी खरी तारीख शोधली आणि दुरुस्तीचा अर्ज तिच्यापुढे ठेवला, तर ती म्हणाली, "तारीख तुझ्या हापिसाला घाल. गावात आमटीच्या कढया चढल्या आन् मी झाले. एवढं पुरं हाय मला." यंदाच्या एक जूनलाही बँकेकडून तिला शुभेच्छांचा संदेश आला. ती जाऊन दोन वर्षे होत आली, पण तो संदेश माझ्याने पुसवत नाही.

तिच्या वाढदिवसाला तिच्यासाठी कुणी काही केल्याचे मला आठवत नाही. देवळापुढे सगळ्या गावाची आमटी शिजायची, भाकरी घराघरांतून जायच्या आणि ही माहेरी जाऊन दिवसभर चुलीपुढे बसायची. तिला विचारले असते तर याहून चांगला वाढदिवस तिला सुचला नसता.

त्यातले एक वर्ष मला अर्धवट आठवते. बाकीचे तिनेच पुढे सांगितले. आपले वडील त्या पावसाळ्यात गेले होते. तू तिच्या मांडीवर होतीस. मामांनी तिला यात्रेला आणले खरे, पण लंकाबाई आजीच्या अंगणात चुली पेटल्या तेव्हा ही तुला घेऊन गोठ्याच्या भिंतीकडे जाऊन बसली. दुखवट्याच्या घरातले आपण, देवाच्या भाकरीला हात कसा लावायचा, असे तिचे म्हणणे. लंकाबाई आजी तिची चुलती, जीभ तिखट. साऱ्या बायकांदेखत ती ओरडली, "कढईला काय कळतंय गं, कोनाच्या घरात काय झालं ते? तिला तिखट-मीठ तेवढं कळतं. आन् वाढदिवसाची पोर बसून खाती व्हय? ऊठ, परात वढ!"

आई उठली. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. तिने ती बाजूला ठेवली, तर आजीने उचलून पाटीत टाकली आणि म्हणाली, "आमटीत कुस्करल्यावर समद्या सारख्याच." त्या दिवशी आई किती रडली ते तिने कधी सांगितले नाही. धूर फार होता, एवढेच सांगायची.

गेल्या वर्षी तिच्यामागे पहिल्यांदा तिथे तू बसलीस. तुझे जानकूराव चुलीमागे उभे राहून चिडवत होते, "आण्याच्या लेकी-नातींना नवऱ्याला दोन भाकरी करायचा कटाळा, आन् गावजेवनाला पाट्याच्या पाट्या!" तू त्यांच्यावर पिठाचा हात उगारलास. माझ्या मोबाइलमध्ये तो फोटो आहे. आषाढात ते गेले आणि तेव्हापासून तुला पाठवावा की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. आजही पाठवत नाही. मागशील तेव्हा देईन.

मी तुला समजावणार नाही. समजावणारी माणसे तुझ्याकडे पुष्कळ येऊन गेली आणि प्रत्येक जण गेल्यावर तू खोलीचे दार थोडे अधिक लावून घेतलेस, असे ऐकतो.

हे मला तुझ्या सासूबाईंनी सांगितले. साळुबाईंनी शेजारणीच्या फोनवरून मला फोन केला होता. म्हणाल्या, "भाऊ, ती ताट खोलीत नेऊन खाती. माजा ल्योक गेला, तिचा नवरा गेला. एका घरात दोघी, पर एकमेकीम्होरं रडाया बी भितो. मला आण्याला जायाचंय. तुमच्या आईच्या शेजारी बसून लई वर्सं भाकरी थापल्यात म्या. पर हिला एकलीला ठिवून कशी निगू? आन् म्याच म्हनलं तर हिला वाटंल, म्हातारीला पोरगा जाऊन वरीस न्हाई आन् यात्रा सुचती. तुमी आईचं नाव काढून लिवा. माजं नाव घेऊ नका."

मी हो म्हणालो होतो. दिलेला शब्द मी मोडत नाही, पण हा मोडतो आहे. आपल्या आईसाठी ये, असे मला लिहिता आले असते. परंतु आई आता कुणाची वाट पाहत नाही. तुझ्या भिंतीपलीकडच्या खोलीत एक म्हातारी मात्र पाहते आहे आणि ते तुला सांगायला ती घाबरते. यात्रेच्या सकाळी मी गाडी घेऊन अवसरीला येईन. तू आली नाहीस तर त्याही येणार नाहीत, मी रिकामा जाईन आणि तुला एका शब्दाने विचारणार नाही. पण हे वाचून झाले की एकदा त्यांच्या खोलीत जा. माझे नाव सांगू नकोस, पत्राचेही नको. यात्रेच्या भाकरींची बाजरी कधी दळून आणायची, एवढेच विचार.

वाट वाकडी करून दारात उभा राहणारा,
तुझाच दादा,
रामदास