वाणीसाठी रोज वीस मिनिटं

रविवार, ५ जानेवारी २०२५

फेल. वीस मिनिटं मांडी घालून बसले. त्यातली अठरा वाणीवर जळण्यात गेली. उरलेली दोन पायाला मुंग्या आल्या म्हणून बरी गेली.

विजयालक्ष्मी मामी म्हणतात, मन जाईल तिकडे जाऊ दे, तू फक्त बघ. बघितलं! माझी नणंद सहा महिन्यांची गरोदर आहे आणि मला तिचं पोट बघवत नाही. संपलं. एवढं कळायला डोळे मिटून कशाला बसायला हवं?

मामी नात्यातल्या नाहीत, सासरच्यांसारख्याच तंजावरच्या मराठी; शाळेत गणित शिकवायच्या. आता दर रविवारी सकाळी इथे चेन्नईत, मैलापुरातल्या त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण बसतो आणि त्या बुद्धाचं शिकवतात. भिंतीवर गणपती, लक्ष्मी, सगळे हारांसकट तसेच आहेत — ते काढावेत असं त्यांच्या मनातही येत नाही. मी ऑक्टोबरपासून जातेय. माझा नवरा, हरी, म्हणाला होता, 'तू हल्ली दारं आपटतेस.' त्याला वाटतं मी तिथे योगासनं करते.

मला दिलेला अभ्यास: मुदिता. म्हणजे दुसऱ्याचं सुख बघून आपल्याला आनंद व्हायचा. मनात माणूस आणायचा आणि म्हणायचं — तुझं सुख टिको, तुझं सुख वाढो. 'सोप्या माणसापासून सुरू कर,' मामींनी बजावलं होतं. मी थेट वाणी घेतली. सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत. सगळ्यात अवघड केस आधी चालवायची, ही सवय. रोज वीस मिनिटं, आणि वहीत पास किंवा फेल.

बुधवार, ८ जानेवारी

फेल.

गुरुवार, ९ जानेवारी

फेल. 'तुझं सुख वाढो' म्हणताना दात आवळलेले होते. जबडा अजून दुखतोय.

शनिवार, ११ जानेवारी

वाणी आली होती. आल्या आल्या माझा हात ओढला. 'वैनी, लाथ मारतें बघ, हात दे कीं!' पोटावर ठेवला. मारलीच लाथ. मी 'अय्या!' म्हणून ओरडले, इतक्या मोठ्यानं की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागेपर्यंत उभी राहिले.

माझं पाच महिन्यांचं होतं. येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. अकरा दिवस लाथा मारल्या त्यानं, मग थांबलं. नंतर दोनदा आयव्हीएफ. दोन्ही वेळा काही नाही. तिसऱ्यांदा सुया टोचून घ्यायचं बळ माझ्यात नाही, आणि हरी विचारायचं धाडस करत नाही.

आणि वाणी काही परकी नाही! लग्न होऊन सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा मला इथे कुणाचं बोलणं कळत नव्हतं. सासरची माणसं बोलतात मराठीच, पण तंजावरची — निम्मी पोथीतली, निम्मी तमिळ. सासूबाई काही बोलल्या की मी वाणीकडे बघायचे. तिनं बसचे नंबर शिकवले, ऑटोवाल्याशी भांडायला शिकवलं. माझं गेलं तेव्हा दोन दिवस ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती. या गावात माझी म्हणावी अशी ती एकच. तिचाच दुस्वास करायला लागले तर माझ्याकडे उरलं काय? खरी भीती हीच आहे. मूल नाही ते नाहीच — आता वाणीही जाईल. आणि तिला घालवणारी मीच असेन.

रविवार, १२ जानेवारी

मामींना म्हटलं, मी तिच्यासाठी किती करते! डॉक्टरकडे सोबत जाते, तिला काय खावंसं वाटतं ते विचारून करून नेते, बाळाची दुपटी शिवून घेतली. तरी आतलं हलत नाही.

मामी म्हणाल्या, प्रत्येक चांगल्या भावनेला दोन शत्रू असतात. लांबचा ओळखू येतो. मुदितेचा लांबचा शत्रू हेवा. जवळचा मात्र दिसायला तिच्यासारखाच असतो, म्हणून आपण त्याला घरात घेतो. तो म्हणजे खोटा उत्साह. मग चष्म्यावरून बघत विचारलं, 'दुपटीं किती शिवलींस?'

'चौदा.'

'मग?'

असा राग आला! घरी येईपर्यंत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. बरोबर बोलल्या, म्हणूनच.

मंगळवार, १४ जानेवारी

पोंगल. सुट्टी. फेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

वाणीचं वळैकाप्पू ठरलं, सात फेब्रुवारीला. आपल्याकडे डोहाळजेवण असतं तसं, पण इथे बांगड्या भरतात. हातभर, लाल-हिरव्या काचेच्या. बाळाला आत किणकिण ऐकू जाते म्हणतात. सगळ्या बायका भरतात, आणि ज्या बाईला मूल नाही तिला शेजारी बसवून तिच्याही हातात घालतात. म्हणजे पुढचा नंबर तिचा!

सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, 'तूं पण बैस तिच्याजवळ. तुला पण भरूं.' खाली मान घालूनच म्हणाल्या. प्रेमानं म्हणाल्या, हे मला कळतं. तरी त्या क्षणी वाटलं, विळी उचलून खिडकीबाहेर फेकावी.

'बसेन की अम्मा,' म्हटलं. फेल, फेल, फेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

सकाळपासून माझी पळापळ — फुलं, केळीची पानं, पाच तऱ्हेचे भात. वाणी पाटावर बसली, जरीची हिरवी साडी, गालाला हळद. शेजारी दुसरा पाट. मी बसायला गेले तर सासूबाईंच्या बहिणीनं, कनकामावशीनं, त्यांना बाजूला घेतलं. हळू बोलते असं तिला वाटत होतं. 'हिला कशाला जवळ बसवतां? दिष्ट लागेल लेकराला.' सासूबाई पाटाकडे बघत राहिल्या. मी उभीच. हातात बांगड्यांचं ताट तसंच.

वाणीनं ऐकलं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, 'वैनी इथेंच बसणार. नाहीं तर मला भरूंच नका.'

बसले. आधी कडुनिंबाच्या काडीचं कडं, मग काच. वाणीचे हात सुजलेत, बांगडी चढेना. तिनं 'आ' केलं आणि माझ्याकडे बघून हसली. लहानपणी दात पडल्यावर पोरं हसतात तशी. आणि माझ्या छातीत काहीतरी सुटलं. ओळ म्हणावी लागली नाही. तिचं सुख होतं आणि ते मला बघवत होतं. बघावंसं वाटत होतं! तीन-चार मिनिटं असेल. मग परत सगळं जागच्या जागी आलं, पण ती मिनिटं खोटी नव्हती.

पास. पहिल्यांदा.

रविवार, ९ फेब्रुवारी

पास. मामींना वही दाखवली. त्यांनी वाचली नाही, मिटून परत दिली. 'गुण कोण देतो, तूंच ना?' म्हणाल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पास, थोडा. वाणीशी फोनवर अर्धा तास. नावं काढत होतो. मी सुचवलेलं एक तिला आवडलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

वाणीचं बाळ गेलं. पोटातच.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कळा आणून बाळंत केलं. मुलगी होती. हरीनं बघितली. म्हणाला, नखं होती.

मी गेले नाही. ताप आहे असं सांगितलं.

आता लिहिते. पान फाडता येतं म्हणून लिहिते. काल चारला हरीचा फोन आला तेव्हा मी डेस्कवर होते. तो रडत होता, शब्द नीट येत नव्हते. मला कळलं. आणि कळल्या कळल्या, दुःखाच्या आधी, रडू यायच्या आधी, माझे खांदे सैल झाले. मला हलकं वाटलं. आता ती माझ्या पुढे नाही — हे वाक्य आलं मनात. अगदी स्वच्छ मराठीत आलं.

मग बाकीचं आलं. जिन्यात बसून रडले, ओकले. पण पहिल्यांदा ते आलं होतं.

दीड महिना रोज मुदिता करतेय मी!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कनकामावशीचा फोन. सासूबाईंच्या फोनमधून तिचा आवाज हॉलभर ऐकू येतो. 'मी तेव्हांच सांगितलें होतें.' सासूबाईंनी तिला थांबवलं नाही, हो-ला हो पण केलं नाही. नंतर मला म्हणाल्या, 'तूं सावकाश जा. आतां नको.' त्या माझ्या तापासाठी म्हणाल्या की दुसऱ्या कशासाठी, विचारायची हिंमत झाली नाही.

दृष्ट मी मानत नाही. इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींवर हरीशी वाद घातलेत. नाळेत गाठ होती, डॉक्टरांनी हरीला दाखवली. मानत नाही. पण ज्या बाईला असं हलकं वाटू शकतं, तिला त्या पाटावर बसवायला नकोच होतं. एवढं तर मावशीचं खरं आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वाणीचे तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

रविवार, २३ फेब्रुवारी

मामींकडे लवकर गेले, बाकीचे यायच्या आत. सगळं सांगितलं. खांद्यांचंही सांगितलं. वाटलं होतं उठवून लावतील. त्या केळीची फणी देवापुढे ठेवत होत्या, ती ठेवून झाल्यावर म्हणाल्या, 'आलें. तूं बोलावलें नव्हतेंस. अजून आहे कां?'

'नाही. आता नुसती लाज आहे.'

'मग ती घेऊन जा. वाणीकडे.'

'मी अशी असताना तिच्याजवळ कशी जाऊ? आधी मन —'

'धुऊन पुसून जाणार असशील तर जन्मभर जाणार नाहींस. ती तिकडे आहे, तूं इथें मन धूत बसलीस. आज ध्यान नको. ऊठ.'

बसूही दिलं नाही! रस्त्यावर येऊन उभी राहिले. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. घरी आले. नाही जमलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

गेले.

वाणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा नवरा कृष्णकांत दारात, दाढी वाढलेली, नुसता बाजूला झाला. मी पलंगाच्या कडेला टेकले. तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती आखडली. मग लक्षात आलं — पुढून ब्लाउज ओला होता. दूध आलं होतं. छाती दगडासारखी, अंगात कणकण. हॉस्पिटलनं गोळी दिलेली, ती तिनं घेतलीच नव्हती. कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगणार कुणाला? आई दिसली की दोघी रडतात.

मला माहीत होतं काय करायचं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी मला केलं होतं. खाली उतरले, कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेले. मोगरा, खूप. तिनं हसून विचारलं, 'तलैक्का, अम्मा?' केसांत माळायलाच ना? हो म्हटलं.

गोळी समोर उभी राहून घ्यायला लावली. मग छातीवर मोगऱ्याचे गजरे ठेवले, वरून जुन्या पंच्यानं घट्ट बांधलं. फुलांनी दूध आटतं म्हणतात. माझं आटलं होतं, फुलांनी की गोळीनं कोण जाणे. वाणी डोळे मिटून होती. खोलीभर तो वास, लग्नघरासारखा. मुदिता नाही, करुणा नाही, कुठलीच ओळ आठवली नाही. फक्त गाठ फार घट्ट होत नाही ना, एवढंच बघत होते.

निघताना ती म्हणाली, 'उद्यां येशील कां?'

बुधवार, २६ फेब्रुवारी

गेले. फुलं बदलली. तिनं दोन घास दहीभात खाल्ला. माझ्याकडे बघत नाही. तिलाही दृष्टीचंच वाटतं का? विचारलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पंचा सोडत होते. वाणी छताकडे बघत म्हणाली, 'वैनी, तुझें गेलें ना, तेव्हां मला बरें वाटलें होतें. माझ्या आधीं तुला होऊं नये असें वाटायचें. त्या बाकावर बसून मला बरें वाटत होतें. म्हणून हें झालें कां?'

हातातली फुलं खाली ठेवली. म्हटलं, नाही गं, नाळेत गाठ होती. आणि मग ते दुसरंही सांगितलं. त्या बुधवारचं. खांद्यांचं.

ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली.

'किती वेळ वाटलें?'

'क्षणभर.'

'मला आठवडाभर,' ती म्हणाली, आणि मोठ्यानं रडायला लागली.