सावलीतलं काम

माय, तुझा मिरचीच्या कळ्या उघडायचा चिमटा अजून माझ्याकडे आहे. टोकं थोडी झिजलीत, पण मुठीला तू गुंडाळलेली जुन्या लुगड्याची चिंधी तशीच आहे, फक्त तिचा मूळ रंग आता कुणालाच सांगता यायचा नाही. तो समोर ठेवून लिहायला बसले आहे. आज रविवार, कॉलेजही नाही आणि कामही नाही. तुझा जावई मिलमध्ये पहिल्या पाळीला गेलाय. खोलीत मी एकटी, म्हणजे हल्ली एकटी म्हणायचीही सोय नाही, कारण आत कुणीतरी सारखं लाथा मारून राहिलंय. हो, मला आठवा महिना संपत आलाय. तू जाऊन दहा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत तुला लिहावंसं आजच वाटलं, याचं कारण शेवटी सांगते. आधी सगळं नीट सांगू दे, नाहीतर तू मधेच म्हणशील, "असं अर्धंमुर्धं नको सांगू, पहिल्यापासून सांग."

तू गेल्यावर बारावी झाली, लग्न झालं, दोन वर्षं आष्टीला सासरी शेतात आणि चुलीपाशी गेली. मग मी हट्टाने जालन्यात बी.एस्सी.ला नाव घातलं. विषय वनस्पतीशास्त्र. हसू नकोस. कळीच्या आत काय काय असतं हे पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर काढलं, तेव्हा अख्ख्या वर्गात मीच एकटी वही न उघडता बसले होते. नवरा समजूतदार आहे, लोखंडाच्या मिलमध्ये काम करतो, एमआयडीसीजवळ आमची एक खोली आहे. पण या वर्षी मिलच्या पाळ्या कमी झाल्या आणि त्याच सुमारास मला दिवस गेले. लगेच आष्टीहून सासूबाईंचा फोन आला. "बाई, आता तू दोन जिवाची. खोली सोडा अन् इकडं या. शिकणं काय कुठं पळून जाऊन राह्यलं का?" पळून जातं, माय. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं शिकणं असंच थोडे दिवस थांबलं होतं, आज त्यांचा थोरला सातवीत आहे. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की कॉलेज बारा वाजता सुटतं, त्यानंतरचं दुपारचं काम मला मिळालं तर खोली ठेवायची आणि शेवटचं वर्ष पुरं करायचं. दिवाळीपर्यंत नाही मिळालं तर सामान बांधायचं.

मी हिंडले. आणि जिथे जाईन तिथे आपणहून सांगायचे की मला दिवस आहेत, कारण तू तशीच वाढवली होतीस. साड्यांच्या दुकानातल्या शेटने मला आधी स्टूल दिलं, मग पाणी दिलं, मग म्हणाला, "ताई, इथं दिवसभर उभं राहावं लागतं. बाळंतपण होऊ द्या, मंग या, जागा तुमचीच." शिकवणीवाल्या सरांना माझं गणित आवडलं, पण पालक काय म्हणतील याची त्यांना काळजी वाटली. आता पालक काय म्हणणार होते, त्यांनी स्वतः लेकरं कुठून आणली होती! झेरॉक्सवाल्याकडे मी एक दुपार कामही केलं. एक म्हातारी सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बस गं लेकी, मलाच दाखीव कोणतं बटन दाबायचं." मालकाने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. एकूण काय, तर काम कुणी दिलं नाही, पण डोहाळे सगळ्यांनी विचारले. खजूर खा, नारळपाणी पी, जिने चढू नको. इतका सल्ला घेऊन मी रोज घरी यायचे की रात्रीचा स्वयंपाक करायची गरज पडू नये. राग यायचा, माय. वाईट माणसांचा राग सोपा असतो, ही सगळी चांगली माणसं होती.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली आणि मी सांगणं बंद केलं. ढगळ कुडता, वर मोठी ओढणी, आणि पोटासमोर धरलेली फाइल. पहिलटकरणीचं पोट असं किती दिसतं. आणि गेले ती थेट बियाण्याच्या एका कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत.

तिथलं काम तुला आवडलं असतं. बियाणं ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडतात आणि किती उगवलं, किती वेडंवाकडं उगवलं, किती मेलं ते मोजतात. प्रयोगशाळेच्या मॅडमनी माझ्यापुढे एक गुंडाळी ठेवली. मी पिशवीतून तुझा चिमटा काढला. "हा कुठला?" त्यांनी विचारलं. "माझ्या मायचा. ती मिरचीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची," मी म्हणाले. मग मी मोजलं. मॅडमनी ते पुन्हा मोजलं. दोघींचं सारखं आलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या तोंडाकडे, फाइलकडे नाही, आणि म्हणाल्या, "उद्या दुपारपासून या."

मला उड्या मारायच्या होत्या, पण त्या अवस्थेत कशा मारणार. रिक्षात बसले आणि नेमकी मिरचीची ती ओळ आठवली. तुलाही आठवत असणार.

मी बारा वर्षांची. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातलं ते शेडनेट, आत दमट गरमी, आणि तुझ्या टोळीच्या आठ बाया ओळीने वाकलेल्या. दुपारी कळी उघडायची, आतली पुंकेसरं चिमट्याने एकूण एक काढायची, लाल दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कळीला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. आत एक जरी केसर राहिलं तर कळी आपली आपणच फळते आणि ते बी वाया जातं. हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी शेजारच्या ओळीतली पोरगी माझ्या पुढे चालली होती, आणि मला तिच्या आधी बांधाला पोचायचं होतं. मी कळ्या अर्ध्या साफ करत गेले आणि दोरे मात्र झकास बांधले. वरून बघणाऱ्याला ओळ पुरी दिसत होती. तू येतेस, एक कळी बोटाने उघडतेस, दुसरी उघडतेस. ओरडत नाहीस. ओळीच्या सुरुवातीला जातेस आणि दोरा बांधलेली प्रत्येक कळी खुडत येतेस, माझ्या चांगल्या कळ्यासुद्धा. मी रडत म्हणते, "माय, त्यातल्या कितीतरी बराबर हाईत." तू म्हणतेस, "असतील. पण आता कोणती बराबर अन् कोणती न्हाई, हे तुला तरी सांगता येतं का?" मग मालकाला हाक मारून तू स्वतः सांगितलंस, "ही ओळ माह्या पोरीनं खराब केल्ती. म्या तोडली." मला वाटलं आता आपलं काम गेलं. मालक नुसता मान हलवून निघून गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता तू हा चिमटा माझ्याकडे सरकवलास. स्वतःचा. "तुह्या चिमट्याची टोकं जुळत न्हाईत. हा घे," म्हणालीस. ओळीबद्दल पुन्हा कधी एक शब्द बोलली नाहीस.

तर रिक्षात हे सगळं आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं. मला काम हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. वरून पांढरा कोट, त्यामुळे झाकण्याचाही प्रश्न मिटला. काम छान चाललं होतं. सहाव्या दिवशी घरी कणीक मळायला बसले आणि परातीत हात घालणार तोच बोटांकडे लक्ष गेलं. नखांच्या कडा गुलाबी. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बियाण्याला आधीच औषध लावलेलं असतं, ते रंगीत असतं. हातमोजे देतात, पण मोज्यात चिमटा सरकतो म्हणून मी ते काढून ठेवायचे. तुझीच सवय, बोटाला कळल्याशिवाय मला खरं वाटत नाही. मी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, राखेनेही घासले. मग तिथेच मोरीपाशी बसले आणि फार रडले. स्वतःसाठी मी कुणाला फसवलं असतं तर निभावून नेलं असतं, पण हा गुलाबी रंग पोटातल्या लेकराच्या वाट्याचा होता.

आणि तेव्हा मला तुझ्या टोळीतली ती पद्धत आठवली. टोळीतली कुणी बाई पोटुशी राहिली की ती पहिल्यांदा तुला सांगायची, घरी सासूला सांगायच्या आधी. मग तू तिला ओळीतून काढायचीस आणि लिंबाखाली पोत्यावर बसवायचीस, वाळलेल्या फुलांतला पराग झटकून डबीत भरायला. तिथे औषधाची फवारणी नाही, वाकणं नाही. एकदा मालक कुरकुरला, "ती बसून काय करती?" तू म्हणालीस, "तिच्या डबीतला पराग नसला तर आमी आठजणी उद्या काय लावणार?" ते काम कमी नव्हतंच, माय. सगळ्या प्लॉटचं काम त्या डबीवर चालायचं. फक्त ते सावलीत होतं.

दुसऱ्या दिवशी कोट न घालता मॅडमपुढे उभी राहिले. त्यांनी बघितलं. "अगं, मला वाटलं तू अंगानेच भरलेली आहेस," म्हणाल्या, आणि मग आवाज चढला. "मुलाखतीला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नसतं घेतलं," म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, तिथेच मला त्या आवडल्या.

मग मी सांगितलं की मला औषध न लावलेले नमुने द्या, आणि शुद्धतेचं टेबल द्या. ते काम असं, की भिंगाखाली बी पसरून त्यातलं दुसऱ्या पिकाचं, तणाचं, फुटकं बी वेगळं काढायचं. बसून करायचं असतं आणि कंटाळवाणं म्हणून तिथे कुणी टिकत नाही. मी टिकेन. लिंबाखालच्या पोत्याचंही सांगितलं, डबीचंही सांगितलं. विनवणी केली नाही. मॅडम ऐकत राहिल्या आणि शेवटी विचारलं, "कितवा?" मी सांगितलं. बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, "वर विचारावं लागेल. उद्या सांगते." तो एक दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. नवरा म्हणाला, "न्हाई म्हणल्या तर जाऊ आष्टीला, एवढं काय." मी म्हटलं, "तुम्ही जा."

उद्याचा दिवस आला आणि टेबल मिळालं. खिडकीजवळचं आहे, दुपारी तिथे ऊन येत नाही. बाळंतपणानंतर जागा राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही, पण मधे एका नमुन्यात दोघांच्या नजरेतून सुटलेलं तणाचं बी मी काढलं, तेव्हापासून अवघड नमुने मॅडम माझ्याकडेच सरकवतात. त्यामुळे मी काळजी करत नाही. खोली आहे, कॉलेज आहे. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल परीक्षा आहे आणि बाळ आधी येतं की पेपर आधी, यावर सासूबाई आणि तुझा जावई यांच्यात फोनवर रोज वाद चालतो. सासूबाई आता खोली सोडा म्हणत नाहीत. बाळंतपणाला मीच तिकडं येते म्हणतात, डिंकाचे लाडू घेऊन.

हे मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. वही परवा सरांकडे जमा करायची आहे, म्हणून ही पानं फाडून चिमट्याच्या डबीत घडी घालून ठेवीन. जाऊन जाऊन ती कुठे जाणार.

पण एक राहिलं, आणि खरं तर त्याचसाठी बसले होते. मॅडमनी कितवा विचारलं तेव्हा मी पाचवा म्हणाले. सहावा संपत आला होता. सहावा म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, चार दिवसांसाठी कशाला नादी लागायचं. आता त्यांच्या हिशेबाने मला अजून पुष्कळ अवकाश आहे, म्हणून पुढच्या महिनाभराचे नमुने त्यांनी माझ्या टेबलाला लावून ठेवलेत, आणि तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत. माय, इतकं सगळं धीटपणे बोलले, आणि एक केसर आत ठेवूनच दोरा बांधला.

उद्या दुपारी गेल्या गेल्या मॅडमना सांगणार आहे. तोंडातून निघतं का ते बघावं, म्हणून आधी तुला सांगितलं.