‘श्रीकृपेकरून’च्या जागी

चि. तेजश्री,

तू देव मानत नाहीस, आशीर्वादही तुला चालत नाहीत, म्हणून नुसत्या शुभेच्छा.

तुझ्या लग्नपत्रिकेतून ‘श्रीकृपेकरून’ काढलं तर तुझे आबा मांडवात पाऊल ठेवणार नव्हते. त्यांना मनवायला मी दौंडहून कवठे येमाईला गेलो, सोबत माझे संस्कृत पर्याय घेऊन. ‘निसर्गानुग्रहेण’ ऐकून आबा म्हणाले, “मास्तर, ह्यापरीस द्येव सोपा हाय. पोरगी काय म्हंती?”

“‘सगळ्यांच्या मायेनं’ छापा म्हणते.”

आबांनी कांद्याच्या वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.

“छापा मग. आन् मीच न्हाई आलो तर पत्रिका खोटी पडंल की!”

माझा जीव भांड्यात पडला. हे तुला फोनवर स्वतः सांगायचा त्यांचा हट्ट आहे, म्हणून हे पत्र लिहूनही पेटीत टाकत नाही.

निश्चिंत झालेला,
तुझा आनंदमामा